हंडा भरेपर्यंत

माझी शाळा चौथीपर्यंत. पण पिक्चर किती चालवले त्याला मोजदाद नाही. तंबू टॉकीजवर ऑपरेटर होतो. तिसगाव, पाथर्डी, जिथं बाजार नाहीतर जत्रा, तिथं आमचा तंबू. मधे कनात, एका अंगाला बाया, एका अंगाला गडी. बायांच्या बाजूचं दार माझी बायको सांभाळायची. गेल्या उन्हाळ्यात ती वारली. आता घरी टीव्ही चालू असतो, बघत कुणी नाही.

टीव्हीवर शिकलेली माणसं सांगतात, त्या काळात तरण्या पोरांनी सिनेमा बदलला. बदलला असेल. आमच्या तंबूत तो कसा शिरला तेवढं मी सांगतो.

आमच्यात एक रीत होती. पिक्चर रेंगाळला की दुसऱ्याच पिक्चरचं गाणं मधे घालायचं. जुन्या गाण्यांचे तुकडे मी डब्यात ठेवलेले असत. नट वेगळा, नटी वेगळी, पब्लिक खूश. देवाच्या पिक्चरमध्ये मालकांनी कॅबरे घातला, तरी कुणी हूं की चूं केलं नाही.

एकदा तिसगावच्या बाजाराला कुणा नव्या पोराच्या पिक्चरची पेटी आली. गाणं नाही, मारामारी नाही. एक बाई आटलेल्या नदीत वाळू उकरते आणि झिऱ्याचं पाणी वाटीनं हंड्यात भरते. भरतेच आहे. आमच्याकडं मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की दिवे लावायचे. दिवे लागले तेव्हा हंडा अर्धाच झाला होता.

गडी ओरडायला लागले. "ए ऑपरेटर, हे आमी घरी रोज बघतो, फुकाट!"

मालक धावत आले. "गाणं लाव. पुढचं रीळ ऱ्हाऊ दे."

मी डबा उघडला, तेवढ्यात कनातीखालून वाकून बायको आली.

"अवो, हंडा भरू द्या तिला."

"मालक म्हनत्यात..."

"मालकांनी कधी पानी भरलंय? बाया इचारत्यात, पुढं काय झालं."

"पुढं काय व्हनार? भरंल."

"मंग भरताना बघू द्या की!"

मालक म्हणाले, "वहिनी, लोक तंबू पेटवतील."

"पेटवू द्या. पानी हायच."

मालकांना हसू आलं. मी पुढचं रीळ लावलं. निम्मे गडी शिव्या देत चहाला गेले. बायांच्या बाजूची एकही उठली नाही. हंडा भरला, त्या बाईनं डोक्यावर घेतला, दरड चढली. कनातीपलीकडं कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी वस्त्यावस्त्यांवरून बाया आल्या. मालकांनी पेटी ठेवून घेतली. पुढं पुढं मोठ्या नटांच्या पिक्चरमध्येही नटीच्या लुगड्याला चिखल दिसायला लागला, आणि पिक्चरच्या पेट्या मिळायच्या त्या डेपोत मालक स्वतःच विचारायचे, "तसला एखादा हाय का?"

त्या पहिल्या दिवशी खेळ सुटल्यावर कनात गुंडाळताना मी बायकोला विचारलं, "एवढं काय हुतं गं त्यात?"

ती म्हणाली, "पिक्चर काढनारा पोरगाच असनार. आईमागं हिंडायचं वय नुकतंच सरलं असंल त्याचं. थोराड मानसाला बाईचं काम एवढा येळ बघवत न्हाई. धरा ते टोक."