सगळं साफ आहे, असं मी सांगितलं

डोंबिवलीच्या दादाचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघा धाकट्या भावंडांना बाजूला घेतलं. सख्ख्या भावाला झालंय म्हणजे तुम्हालाही धोका जास्त, त्रास नसला तरी कोलोनोस्कोपी, म्हणजे मागून नळी घालून आतड्याची तपासणी, करून घ्या, म्हणाले. आतड्यात आधी लहान गाठी येतात, त्या वेळीच काढल्या तर पुढचं टळू शकतं. कल्याणला राहणारा धाकटा मला म्हणाला, "ताई, आधी तू कर. मग बघू."

मी नौपाड्यातल्या एका सेंटरमध्ये नाव नोंदवलं. आदल्या दिवशी जेवण बंद. संध्याकाळी पावडर कालवलेलं ते खारट पाणी ग्लासामागून ग्लास प्यायले आणि संडासात फेऱ्या घालत राहिले. सगळं नीट केलं. मी एकटीच राहते, त्यामुळे दुपारी न्यायला शेजारीण येणार होती.

सेंटरमध्ये पोचले तर आतून निळ्या कपड्यांतला एक माणूस फाईल घेऊन आला. "बाई, तुम्ही?" म्हणाला आणि वाकून पाया पडला. माझा जुना विद्यार्थी. याला मी आठवीत पचनसंस्थेची आकृती शिकवली होती. आत डॉक्टरांच्या हाताशी तोच असतो, हे त्याने कौतुकाने सांगितलं. पाठीमागून उघडा गाऊन घालून मी कुशीवर पडलेय आणि हा समोर उभा आहे, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे आलं. एका नातेवाइकांसाठी चौकशी करायला आले होते, असं मी त्याला सांगितलं आणि बाहेर पडले. शेजारणीला फोन केला, डॉक्टर आलेच नाहीत म्हणून.

संध्याकाळी दादाचा फोन आला. केमोने त्याचा आवाज खोल गेला होता.

"झाली का गं तपासणी?"

"झाली."

"काय निघालं?"

"काही नाही. सगळं साफ आहे."

पलीकडे तो रडायला लागला. आता खरं कसं सांगणार, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या महिन्यात गुपचूप दुसरीकडे जाऊ, असंही ठरवलं. गेले नाही.

दीड वर्षाने धाकट्याला रक्त पडायला लागलं. मूळव्याध समजून त्याने तीन महिने मलम लावलं. तपासणीत कॅन्सर निघाला. हॉस्पिटलात त्याची बायको मला सहज म्हणाली, "मी मागे लागले होते हो. पण हे म्हणायचे, ताईचं साफ आलंय, म्हणजे आपल्याला भीती नाही."

मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले.

त्या आठवड्यात मी त्याच सेंटरमध्ये गेले. माझा विद्यार्थी तिथेच होता. त्याने अंगावर चादर ओढली, सुई टोचताना हात धरला. जाग आली तेव्हा तपासणी होऊन गेली होती. दोन गाठी सापडल्या होत्या आणि तिथल्या तिथे काढल्याही होत्या. पुढे त्यांच्या रिपोर्टात कॅन्सर निघाला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

धाकट्याला मी त्याच्या ऑपरेशननंतर सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "मला जायचंच नव्हतं, ताई. मला कारण हवं होतं." पुढे म्हणाला, "पण ते तू द्यायला नको होतंस."

तो आता बरा आहे, दुकानात बसतो. दादाही हिंडता-फिरता आहे. त्याला हे कुणी सांगितलेलं नाही. गेल्या दिवाळीत फराळाला सगळे जमलो असताना तो धाकट्याला सगळ्यांदेखत बोलला, की हिने शहाण्यासारखं ऐकलं, तू ऐकलं नाहीस, म्हणून ही वेळ आली. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून चकली मोडली. तेव्हा बोलायला हवं होतं. मी उठून सगळ्यांना चहा विचारला.