सातव्या पानावरची सूचना

नव्वदच्या दशकात नारायण पेठेतल्या चार माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरीला लागले. प्रोग्रॅम लिहिणं मला जमत नव्हतं, मराठी बरं होतं. म्हणून माहितीपुस्तिका लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्या प्रोग्रॅमरनं कसबा पेठेतल्या एका वाचनालयासाठी पुस्तकांच्या नोंदींचा प्रोग्रॅम केला होता. पडद्यावर सगळं इंग्रजीत, आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंनी तोवर संगणकाला हातही लावलेला नव्हता.

माझे वडील सरकारी कचेरीत होते. त्यांच्या पत्रांतली भाषा मला भारदस्त वाटायची, तीच मी उचलली. 'उपरोक्त माहिती समाविष्ट केल्यानंतर वापरकर्त्याने योग्य ती कळ दाबावी' असलं वाक्य जमलं की मी स्वतःवरच खूश व्हायचे.

कंपनीच्या मालकांनी पुस्तिका चाळली. वाचनालयात जाऊन बाईंच्या शेजारी बसा म्हणाले, आणि एक अट घातली. "तुम्ही तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते पुस्तिकेनं."

पन्नाशीच्या बाई ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. 'नवी फाइल उघडा' असं वाचलं आणि उठून कपाटाकडे गेल्या. मी ओठ दाबून बसले. परत आल्यावर विचार करून त्यांनी पडद्यावरचा तो शब्द शोधून काढला. मग 'योग्य ती कळ'. माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं. तरीही तासाभरात त्यांनी बरीच पुस्तकं नोंदवली. सहाव्या पानावर लिहिलं होतं, काम संपल्यावर एस्केप दाबून बाहेर पडा. त्यांनी एस्केप दाबलं, पान उलटलं. सातव्या पानावर सूचना होती: बाहेर पडण्यापूर्वी एफ-टू न दाबल्यास सर्व माहिती नष्ट होईल.

बाईंनी चष्मा काढला. "अहो, माणूस खड्ड्यात पडल्यावर पाटी दाखवतं तुमचं पुस्तक."

मला लाज वाटली. पण त्याहून जास्त उत्सुकता वाटली. त्यांचं बोट कुठे थांबलं, तिथे डोक्यात काय चाललं होतं? मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून करायची विनंती केली, आणि बोट थांबेल तिथे खूण करत गेले. गंमत म्हणजे 'समाविष्ट' या शब्दाशी त्या अडल्या नाहीत. माहिती पडद्यावर नेमकी कुठे लिहायची, हे मी सांगितलंच नव्हतं, तिथे अडल्या.

ऑफिसात येऊन मी सगळं नव्यानं लिहायला घेतलं. एफ-टूची गोष्ट मात्र अर्धं पान खाऊ लागली, कारण जुनी नोंद दुरुस्त करताना ती कळ चालत नसे, एफ-फोर दाबावी लागे. असं का, हे विचारायला मी प्रोग्रॅमरकडे गेले. तो बराच वेळ समजावत राहिला आणि मध्येच थांबला. हे सांगताना मलाच विचित्र वाटतंय, म्हणाला. दोन दिवसांनी त्यानं प्रोग्रॅमच बदलला: बाहेर पडताना माहिती ठेवायची का, हे आता संगणकच विचारू लागला. माझ्या अर्ध्या पानाची एक ओळ झाली. लिहिता येत नाही तिथे दोष दर वेळी लिहिणाऱ्याचा नसतो, हे मला तेव्हा कळलं.

नवी पुस्तिका घेऊन गेले तेव्हा बाईंचं बोट फारसं कुठे थांबलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ओळीतला 'कृपया' खोडत गेल्या.

"काम सांगताय ना? मग सांगा सरळ."

छापायला दिली ती त्यांनी खोडलेली प्रत.