शालीच्या दुसऱ्या दिवशी

सातवीत शाळा सुटलेल्या मला वाचतं केलं ते माझ्या मोठीमायनं, आईच्या थोरल्या बहिणीनं. वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, ग्रंथ वाचायला तिनं मला गावच्या बुद्धविहारात बसवलं, तेव्हा कमिटीतले नोकरीवाले हसले.

“शाळा सोडलेली पोरगी काय वाचते?”

“मंग तुमी वाचा न,” ती म्हणाली. एकालाही सवड नव्हती.

यंदा तिचे गुडघे गेले. घर, नातवंडं सांभाळून जन्मभर विहार झाडला म्हणून कमिटीनं तिला निरोपाची शाल दिली, भाषणं ठोकली. दुसऱ्याच सकाळी कमिटीतला एक साहेब तिच्या दारात हजर: “आज काहून झाडलं नाही?” झाडू धरायची यांना लाज, फोटोत मात्र पुढं.

“उद्या जाऊन झाडून येतो,” ती फोनवर म्हणाली. मी कामासाठी इथं सुरतेत, इतक्या लांबून तिला अडवू कशी? मोठीमाय, जाऊ नको. येत्या वर्षावासात गावी येईन, तीन महिने विहार मी झाडीन.