जागा सांगायची नाही

रेसिडेन्सी म्हणजे नक्की काय, हे रफूवाल्या काकूंना कळायला चार दिवस लागले. कळल्यावर त्यांनी घरी फोन लावला आणि सुनेला सांगितलं, "अगं, हे माहेरपण आहे. कलाकारांचं. आयतं जेवायचं, आयतं झोपायचं, आणि साधी बशी उचलायला गेलं तरी कुणीतरी धावत येऊन हातातून काढून घेतं."

"मग घ्या की सुख भोगून," सून म्हणाली.

"माहेरी बोलायला आई तरी असते."

काकूंनी चाळीस वर्षं एका अरुंद बोळातल्या दुकानात खिडकीशी बसून रफू केलं होतं. शिकवलं सासूबाईंनी. कोट उंदरानं कुरतडलेला असो की सिगारेटच्या चटक्यानं जळलेला, काकू त्याच्याच आतल्या दुमडीतून सुतं उपसायच्या आणि एक उभं, एक आडवं भरत भोक असं बुजवायच्या, की गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारायचं, "हा माझाच ना?" सासूबाईंचे दंडक दोन. बाहेरचं सूत वापरायचं नाही, आणि रफूची जागा कुणाला सांगायची नाही. खुद्द गिऱ्हाइकालाही नाही. "एकदा दाखवली की नजर जन्मभर तिथंच जाते. मग आपण डोळे फोडले कशाला?"

एकदा कॉलेजात शिकवणारी एक मुलगी आजोबांचा कोट घेऊन आली. दुरुस्त झालेला कोट तिनं अर्धा तास उन्हात धरून बघितला, काकूंच्या हातांचे फोटो काढले, कसलासा फॉर्म भरला, आणि सहा महिन्यांनी काकू विमानातून परदेशी येऊन उतरल्या. दीड महिन्यासाठी. अट एकच होती. शेवटच्या रविवारी बाहेरची माणसं बघायला येणार, तेव्हा प्रत्येकाच्या भिंतीवर काहीतरी दिसलं पाहिजे.

दिसलं पाहिजे! जे दिसू नये म्हणून चाळीस वर्षं मान मोडली, ते आता भिंतीवर लावायचं.

त्यात हाताला काम नाही. खोली मोठी, टेबल चार माणसं झोपतील एवढं, दिवा वळवू तिकडे वळणारा, आणि इमारतीत फाटकं म्हणून काही नाही. काकू खुर्चीत बसत, उठत, खिडकीशी जात, परत बसत. पहिल्या आठवड्यात त्यांनी उशीच्या अभ्र्याची चांगली शिवण उसवली आणि पुन्हा घातली. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्या कोटांच्या लोंबत्या गुंड्या घट्ट केल्या. तिसऱ्यात काही उरलं नाही. समोरच्या खोलीतल्या चित्रकार पोरीची पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली होती. काकूंनी सुई दाखवून खुणेनं विचारलं, तर पोरीनं दोन्ही हातांनी गुडघे झाकले आणि मागे सरकली. विकत घेतानाच फाटकी घेतली होती म्हणे.

"जास्त पैसे पडतात त्याला," सून फोनवर म्हणाली.

"म्हणजे माझं दुकान बंद पाडायचा डाव आहे."

ऑफिसातल्या बाईनं एक दिवस लाल दोऱ्याचं रीळ आणून दिलं. तिच्या फोनमध्ये भाषा बदलून बोलणारी एक बाई होती. शाळेतल्या मास्तरीणबाईसारखं बोलायची. "आपण कृपया लाल धाग्याने दुरुस्ती करावी," ती म्हणाली. "म्हणजे लोकांना दिसेल." काकूंनी रीळ घेतलं, हसल्या, आणि खणात अगदी मागे ढकललं.

शेजारच्या खोलीतल्या विणकराचं मात्र काकूंना कौतुक होतं. माणूस एवढा उंच, की काकू मनातल्या मनात त्याला जिराफ म्हणायच्या. दार कायम बंद, पण भिंतीपलीकडून मागाची खटखट महिनाभर सकाळपासून ऐकू यायची. चला, काकूंना वाटायचं, इथं एक तरी माणूस काम करतो. मग एका सोमवारी खटखट थांबली, आणि जिराफ तीन दिवस गावाला गेला.

त्या दुपारी वारा सुटला. जिराफाची खिडकी धाडधाड आपटायला लागली, तशी ऑफिसातल्या बाईकडून किल्ली घेऊन काकू ती लावायला आत गेल्या. खिडकीलगतच्या भिंतीवर त्याचं कापड टांगलेलं होतं. राखी रंगाचं, घट्ट विणीचं, हात फिरवावा असं. आणि मध्येच कुठेतरी वीतभर फाटलेलं.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. खिडकीची कडी बघितली. लोंबत होती. हिनंच घात केला. महिनाभराची मेहनत, रविवार सहा दिवसांवर, आणि तो बिचारा येऊन काय बघणार तर हे.

हात नुसते शिवशिवत होते, त्यांना निमित्त मिळालं. काकू भिंग घेऊन आल्या, सुई घेऊन आल्या, खालची दुमड उसवून सुतं उपसली, आणि सोमवार, मंगळवार, बुधवार तिथंच बसल्या. जेवायलाही हाक मारावी लागली. दीड महिन्यात तेवढे तीन दिवस त्यांचा जीव थाऱ्यावर होता.

गुरुवारी सकाळी जिराफ आला. थोड्या वेळानं पलीकडून ओरडण्याचा आवाज झाला, आणि तो फोन हातात घेऊन काकूंच्या दारात उभा राहिला. चेहरा लालबुंद. फोनमध्ये जे काही किंचाळला, त्याचं फोनमधल्या बाईनं शांतपणे मराठी केलं, "माझा छेद कुठे आहे? कृपया तो परत करावा."

"छेद कसला? कडीनं फाटलं होतं तुमचं कापड. मी नीट केलं."

"तो मी कापला होता. मुद्दाम."

"महिनाभर विणलं ते कापायला?"

"होय."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. तेच काम आहे."

काकूंनी मुकाट्यानं कात्री आणून पुढे केली. जिराफानं मान हलवली. पहिल्यांदा जसा कापला गेला, तसा छेद पुन्हा होणार नाही, असं फोनमधली बाई म्हणाली. हे मात्र काकूंना पटलं. खरं काम दोनदा होत नाही.

दोघं त्याच्या खोलीत गेले. जिराफ कापडासमोर उभा राहिला. राग होताच, पण त्याचं बोट कापडावर फिरायला लागलं. वर, खाली, पुन्हा वर. भिंग मागून घेतलं. कापड खिडकीशी धरलं. स्वतः विणलेलं कापड, आणि विणकराला सापडेना! तासाभरानं त्यानं काकूंकडे वळून बघितलं, आणि या वेळी आवाज चढलेला नव्हता.

"कुठे?"

काकू खिडकीची कडी नीट बसलीय का ते बघायला लागल्या.

ऑफिसातल्या बाईला तर मार्गच सापडला. काकूंनी जागा दाखवावी, भोवती खडूचं वर्तुळ काढू, दोघांची नावं लावू, दोन्ही भिंतींचा प्रश्न सुटला. शुक्रवारभर काकू खोलीत येरझारा घालत होत्या. त्या माणसाचं काम आपण बुडवलं. आपली भिंत रिकामी. एका बोटानं दाखवायचा अवकाश. दाराशी जायच्या, परत फिरायच्या.

"सांगून टाका ना, आई," सून म्हणाली. "आजेसासूबाई काय तिथं बघायला येणार आहेत?"

"येतील. त्यांना तिकीट लागत नाही."

शनिवारी सकाळी काकू जिराफाच्या खोलीत गेल्या. वाकून त्यांनी कापडाची खालची दुमड पुन्हा उसवली, जिथून सुतं उपसली होती ती, आणि पट्टी उलगडून धरली. चार बोटं रुंदीची पट्टी अगदी विरळ झाली होती, चाळणीसारखी. मागे हात धरला तर हाताच्या रेषा दिसाव्यात.

"इथून घेतलं," काकू फोनला म्हणाल्या. "आणि तिथं भरलं. तिथं म्हणजे कुठं, ते विचारायचं नाही. फाटलेलं काही नाहीसं होत नाही, बाबा. काठाला येतं."

जिराफ गुडघ्यांवर बसला आणि त्यानं उणी झालेली सुतं मोजली. दोनदा मोजली. मग उठला, आणि उलगडलेली पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईल असं कापड खालची बाजू वर करून टांगलं. खाली दोघांची नावं लिहिली. ऑफिसातल्या बाईनं खडू पुढे केला, तो त्यानं खिशात टाकला.

रविवारी माणसं आली. विरळ पट्टीशी थांबायची, नावं वाचायची, आणि मग जी शोधाशोध सुरू व्हायची! नाक कापडाला लावून, चष्मे काढून, एक जण तर मोबाईलचा दिवा लावून. चित्रकार पोरीच्या भिंतीपुढे एवढी गर्दी नव्हती. कुणी काकूंना विचारलं की काकू छताकडे बघायच्या.

चार वाजता सगळे चहाला गेल्यावर काकू एकट्या कापडापाशी आल्या. सकाळपासून पाय एका जागी ठरले नव्हते. हलकेच तळवा फिरवायला लागल्या, तेवढ्यात पाठीमागून चाहूल लागली. दारात जिराफ श्वास रोखून उभा होता. नजर काकूंच्या हातावर.

काकूंनी तो दिसल्याचं दाखवलं नाही. तळवा तसाच सरकवत नेला, खऱ्या जागेच्या पार वीतभर डावीकडे, आणि तिथं टेकवून चांगला वेळ ठेवला. एक उसासाही टाकला.

दुसऱ्या दिवशी बॅग भरून निघताना त्यांनी शेजारच्या खोलीत डोकावलं. जिराफ भिंग घेऊन बरोबर त्या जागी वाकलेला होता.

"बिचारा," काकू म्हणाल्या, आणि दार हळूच ओढून घेतलं.