रहस्यकथेची अवतरणिका

श्रीगजाननाला आणि शारदेला वंदन करून, आमच्या या सोलापूर नगराला सांभाळणाऱ्या श्रीसिद्धरामेश्वरापुढे मस्तक नमवून लेखणी उचलतो. निमित्त लहानसे आहे. आमच्या पेठेतील वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी सभासदांनी वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांविषयी लिहावे, अशी ग्रंथपाल बाईंची इच्छा आहे. मी जन्मभर संस्कृत शिकवले, त्यामुळे माझ्याकडून एखाद्या स्तोत्राचे विवरण येईल असे त्यांनी धरले असावे. परंतु या वर्षी माझ्या हातून जे वाचन घडले ते प्रेमकथांचे आणि रहस्यकथांचे. जे वाचले तेच लिहिणे उचित.

कादंबऱ्यांची हौस माझी नव्हे, माझ्या पत्नीची. दुपारची झाकपाक झाली की भिंतीला पाठ टेकून ती पुस्तक उघडत असे, आणि चार वाजता चहाचे आधण ठेवेपर्यंत तिला कोणी हाक मारू नये असा घरात अलिखित नियम होता. गेल्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजल्याचे निदान झाले. कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही. दाराची चौकट दिसते, चौकटीत उभ्या असलेल्याचा चेहरा दिसत नाही. पानावर ती ज्या अक्षराकडे पाहील नेमके तेच अक्षर पुसले जाते. डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली आणि स्पष्ट सांगितले, ‘आहे तेवढे टिकवायचे, गेलेले परत येईल ही आशा धरू नका.’

त्यानंतर ती गप्प झाली. स्वयंपाक हाताच्या सवयीने होई, देवापुढची रांगोळी सूनबाई काढू लागली, परंतु बोलणे उणावले. मी म्हटले, “दुपारी मी तुला पोथी वाचून दाखवीत जाईन.”

“पोथी मला पाठ आहे,” ती म्हणाली. “वाचायचं तर कादंबरी वाचा.”

अशा रीतीने आमचा दुपारचा पाठ सुरू झाला.

आरंभ प्रेमकथेने केला. नायक आणि नायिका पुण्यात एकाच कचेरीत काम करणारी. पूर्वीच्या काव्यांत नायिकेचा निरोप दूती नेत असे, इथे ते काम मोबाइल करतो. तिने संदेश पाठवला, त्याने तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या, आणि उत्तर मात्र आले नाही. एवढ्यावर लेखिकेने संपूर्ण प्रकरण बेतले होते. मला ते पोरकट वाटले आणि तसे मी बोलून दाखवले.

“त्यात पोरकट काय?” पत्नी म्हणाली. “लग्न ठरल्यावर तुमचं पत्र मंगळवेढ्याला कधी येतंय म्हणून मी पोस्टमनच्या सायकलीकडं बघत बसायची. तिनं मोबाइलकडं बघितलं तर बिघडलं कुठं?”

विरह हा विरहच. त्याची लांबी महिन्यांनी मोजा अथवा मिनिटांनी, मनाची कासाविशी तीच. पुढे तशा आणखी कादंबऱ्या वाचल्या आणि त्यांविषयी माझे मत हळूहळू पालटले. त्यांत काही उणे आहे. आईबाप केवळ आडवे येण्यासाठी कथेत शिरतात, घरात चूल पेटत नाही, आणि सणवार आला तरी तो छायाचित्रापुरता. परंतु एक गोष्ट मला मनापासून आवडली. या कथांतील नायिका नको म्हणते तेव्हा नको असाच त्याचा अर्थ असतो, आणि नायकाला तो समजतो. आमच्या संस्कृत काव्यांच्या टीकाकारांनी नायिकेच्या नकाराचे इतके सूक्ष्म अर्थ लावून ठेवले आहेत की तिला खरोखरच नको असेल ही शक्यता त्यांत राहतच नाही. हे मी वर्षानुवर्षे तसेच शिकवत आलो.

शिकवण्यावरून आठवले. शृंगाराचे भेद वर्गात मी निःसंकोच विवरून सांगत असे, कारण संस्कृत शब्दाला एक सोवळे असते. तोच प्रसंग घरच्या मराठीत, शेजारी पत्नी बसलेली असताना वाचायचा म्हटले की मी चष्मा पुसू लागे. एकदा नायक-नायिका पावसात अडकून कोणा मित्राच्या रिकाम्या घरी थांबली, तेव्हा मी शांतपणे पान उलटून पुढच्या सकाळपासून आरंभ केला.

“अहो, दोन पानं उलटली,” पत्नी म्हणाली.

“एकच उलटले.”

“मला दिसत न्हाय, ऐकू येतंय. दोन उलटली. राहू द्या, काय झालं असेल ते कळलं मला.”

सूनबाई स्वयंपाकघरातून हसल्याचे मलाही ऐकू आले.

प्रेमकथांवर मन भरल्यावर पत्नीने रहस्यकथा मागवल्या, आणि इथे मला माझे शास्त्र भेटले. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे, हा अनुमानाचा पहिला धडा आम्ही विद्यार्थ्यांना देत असू. कादंबरीतला पोलीस अधिकारीही तेच करतो. त्याला खिडकीची तुटलेली कडी दिसते आणि तो कोणीतरी आत आल्याचे अनुमान करतो. फरक एवढाच की न्यायशास्त्र हेत्वाभासापासून, म्हणजे कारणासारख्या दिसणाऱ्या खोट्या कारणापासून आपल्याला सावध करते, आणि रहस्यकथेचा लेखक मात्र तेच हेत्वाभास पानापानावर पेरून ठेवतो. कडी तुटली ती मांजराच्या उडीने. मला हे फार रंजक वाटले. पत्नीलाही. ती पुन्हा बोलू लागली. वाचन थांबवून ती मला संशयितांविषयी विचारी, मी पुरावे मांडी, ती ते मोडून काढी. चहाची वेळ साडेचारवर गेली, तरी घरात कोणी तक्रार केली नाही.

आणि मग मी ती चूक केली.

ती कळण्यासाठी आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे. मोठ्या पोथीच्या शेवटी अवतरणिकेचा अध्याय असतो. मागील सर्व अध्यायांत काय काय आले, त्याचा त्यात सारांश असतो. पारायण काही कारणाने मध्येच खंडित होणार असेल तर आमच्याकडे तो अध्याय वाचून, हात जोडून, मग पोथी बांधतात. अर्धी राहिलेली पोथी तशीच मिटायची नाही. माझ्या वडिलांनी ही रीत मला मुंजीनंतर घालून दिली, आणि ती माझ्या हातांत इतकी मुरली आहे की तिच्यासाठी विचार करावा लागत नाही.

एक रहस्यकथा ऐन रंगात आली होती. एका साखर कारखान्याच्या वसाहतीत खून झालेला, संशय नायिकेच्या नवऱ्यावर, आणि पत्नीचे ठाम मत की तो निर्दोष आहे. तेवढ्यात मंगळवेढ्याहून तिच्या भावाचा निरोप आला, ‘तुमच्या भाचीचं लग्न ठरलंय, आजच या, चार दिवस राहा.’ लगेच निघायचे ठरले. मी हातातला परिच्छेद संपवला. आता पुस्तक चार दिवस मिटलेले राहणार. माझ्या बोटांनी आपोआप शेवटचे पान काढले, मी घसा साफ केला, आणि भक्तिभावाने मोठ्याने वाचले की खून नायिकेच्या सख्ख्या भावाने केला, त्याने त्याची कबुली दिली, आणि निर्दोष नवरा घरी परतला. पुस्तक मिटून मी हात जोडले.

पत्नीने कपाळावर हात मारला.

“काय झाले?” मी विचारले, आणि विचारतानाच मला उमगले.

“अवतरणिका वाचली तुम्ही,” ती म्हणाली. “खुनाची अवतरणिका वाचली.”

एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेरचे तिला कडेकडेचेच दिसत असणार, तरीही मंगळवेढा येईपर्यंत तिने मान वळवली नाही. तिथे पोहोचल्यावर मात्र तिने सारी हकिगत सर्वांना सांगितली. माझा मेहुणा ज्वारीच्या पोत्यावर बसून ऐकत होता.

“दाजी,” तो म्हणाला, “तुमी असल्यावर पोलिसाची काय गरज? पैल्याच दिशी खुनी धरून दिला असता की.”

“आणि खुनी निघाला कोण, तर बायकूचा भाऊ,” त्याची पत्नी म्हणाली. “दाजींनी मनातलं वाचलं व्हय?”

सगळे हसले. मीही हसलो. पत्नी हसली नाही.

सोलापूरला परतल्यावर तिने सूनबाईला सांगून मोबाइलमध्ये बोलती पुस्तके उतरवून घेतली. कोणा सुस्वर बाईने ती वाचलेली असतात. दुपारी ती कानांत वायर घालून भिंतीला टेकून बसू लागली. मी समोर माझा ग्रंथ घेऊन बसे. आमच्या घरात पुन्हा शांतता झाली, आणि ही शांतता मला पहिल्याहून जड वाटली. पहिल्या वेळी तिचे डोळे तिच्यापासून दूर गेले होते. या वेळी तिच्या डोळ्यांच्या जागी बसण्याचा मिळालेला मान मी घालवला होता. म्हातारपणी नवराबायकोत बोलण्यासारखे फार उरत नाही. औषध घेतले का, दूध तापले का, एवढेच. त्या दुपारच्या वाचनाने आम्हाला बोलायला खुनी, प्रेमी, लबाड वकील आणि गर्विष्ठ सुना दिल्या होत्या. ते सगळे आता तिच्या एकटीच्या कानांत राहू लागले होते.

मी क्षमा मागितली होती. ती म्हणाली होती, “राग न्हाय माझा. तुम्हाला सवयच ती.” राग असता तर बरे झाले असते, कारण राग ओसरतो. सवय कशी ओसरणार, हे मला समजत नव्हते.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी मी वाचत असताना ती पुटपुटली, “थांब की जरा.” मी वर पाहिले. ती मोबाइलशी बोलत होती. थोड्या वेळाने पुन्हा, “थांब म्हटलं ना.” मग तिने वायर कानांतून काढली.

“काय झाले?” मी विचारले.

“ही बाई थांबतच न्हाय. औषध बदललं ते डॉक्टरनं की नर्सनं, याचा मी विचार करतेय तवर ही पुढच्या खोलीत जाऊन दुसऱ्याचाच चहा प्यायला लागली.”

“डॉक्टर कोण?”

तिने डॉक्टर कोण ते सांगितले. मग नर्स कोण, मेलेला माणूस कोण, त्याच्या मुलाचे कोणाशी बिनसले होते, तेही सांगितले. कथा कथन करण्याची पाळी त्या दुपारी तिची होती, आणि मी श्रोता झालो. ती फार छान सांगते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते.

मी म्हणालो, “नर्सने औषध बदलले हा हेत्वाभास आहे. लेखकाने तिला मुद्दाम दोनदा खोलीत पाठवलेले दिसते.”

“म्हणजे डॉक्टर?”

“शक्य आहे.”

“मला न्हाय वाटत. त्याला स्वतःला इंजेक्शन टोचून घ्यायचीसुद्धा भीती वाटते असं लिहिलंय.” तिने वायर गुंडाळून ठेवली. “तुम्ही वाचणार असाल तर हेच पुस्तक आणा वाचनालयातून. पण माझी अट आहे.”

अट अशी की पुस्तक घरात येताच शेवटच्या प्रकरणाला सूनबाईने कपड्यांचा चिमटा लावायचा, आणि तो पत्नीखेरीज कोणी काढायचा नाही. मी ती मान्य केली. ग्रंथपाल बाईंना चिमट्याचे कारण सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच बजावले की पान दुमडू देऊ नका.

पुढील दुपारी मी एका अडचणीत सापडलो जी मला पूर्वी कधी आली नव्हती. मी आयुष्यभर असेच ग्रंथ वाचले ज्यांचा शेवट मला वाचण्याआधी ठाऊक होता. रसास्वादाला त्याने बाधा येत नाही, उलट शेवट माहीत असलेले मन मार्गावरचे सौंदर्य निवांत पाहते, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे आणि आजही ते खोटे मानत नाही. परंतु चिमट्याने बंद केलेल्या पानांच्या अलीकडे बसून वाचताना मला दुसरी गोष्ट जाणवली. मला जेवढे ठाऊक होते तेवढेच तिला होते. मी तिचा शिक्षक नव्हतो, तिचा वाटाड्याही नव्हतो. आम्ही दोघे बरोबर चाललो होतो.

मध्ये तिच्या इंजेक्शनचा दिवस आला. वाचन खंडित झाले. माझी बोटे शेवटाकडे गेली नाहीत असे म्हणणे असत्य ठरेल. ती गेली आणि चिमट्याला अडून परतली. मी पुस्तक अपुरेच मिटले, आणि त्यात काही अमंगल घडले नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून ती पूर्ण वेळ डॉक्टरवर, म्हणजे कादंबरीतल्या डॉक्टरवर, बोलत राहिली. तिथला खरा डॉक्टर आपल्याविषयी बोलणे चालले आहे असे समजून काहीसा संकोचला होता.

शेवटी ती दुपार आली. तिने हाताने चाचपून चिमटा काढला आणि पुस्तक माझ्याकडे दिले. मी अखेरपर्यंत डॉक्टरला धरून होतो, ती मुलाला धरून होती. मी वाचू लागलो. सूनबाई भाजी निवडायचे ताट घेऊन उंबऱ्यात येऊन बसली.

खुनी कोण होता ते या अंकात लिहीत नाही. पुस्तक वाचनालयात आहे. एवढेच सांगतो की डॉक्टरही नव्हता आणि मुलगाही नव्हता, आणि ज्याने तो खून केला तो पहिल्या प्रकरणापासून आमच्या समोर बसलेला होता.

मी पुस्तक मिटले. पत्नी हसू लागली.

“बघा,” ती म्हणाली. “दोन्ही डोळे शाबूत असून तुम्हालाही दिसला न्हाय.”

आपल्या डोळ्यांवर तिने थट्टा केली ती त्या दिवशी पहिल्यांदा. सूनबाईने माझ्याकडे पाहिले, मी सूनबाईकडे. पत्नीने चिमटा पदराला लावला आणि विचारले, “उद्या कुठली आणताय?”

वाचकहो, आपल्या घरी वाचणारे डोळे दीर्घकाळ निर्मळ राहोत. ज्यांचे थकले असतील त्यांच्यासाठी वाचणारा कंठ जवळ असो, आणि त्या कंठाला थांब म्हटल्यावर थांबण्याची बुद्धी मिळो. आपल्या चुली पेटत्या राहोत, लेकरेबाळे सुखात नांदोत, आणि आपल्या दुपारी एकमेकांशी बोलण्यात सरोत. शुभं भवतु.