गौतमी आणि चारीवरचा बोर्ड

गौतमीनं काढलेला पहिला बिबट्या बघून अख्खी करंजवाडी हसली होती.

वनखात्यानं सहा बोर्ड सांगितले होते. पत्र्यावर पिवळा रंग, वर ठसठशीत काळ्या अक्षरांत ‘सावधान! बिबट्याचा वावर’, आणि खाली चित्र. अक्षरात गौतमीचा हात धरणारं शिरूर तालुक्यात कुणी नव्हतं. तिचे वडील शंकरराव पेंटर. जयंतीचे बोर्ड, विहाराच्या भिंती, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि लेकीकडून त्यांनी वळणदार अक्षर घोटवून घेतलं होतं. लग्न होऊन ती भीमेकाठच्या या वाडीत आली. नवरा महेंद्र कंपनीत शिफ्टला जायचा, ही अंगणवाडीच्या भिंतींवर बदकं आणि अननस काढायची. पण समोर बघून चित्र असं तिनं कधी काढलंच नव्हतं. मोबाइलवर सापडलं ते उतरवलं की झालं.

बिबट्याही तसाच उतरवला. कालव्याच्या चारीच्या कडेला बोर्ड उभा राहिला त्या दिवशी सरपंच पोपटरावांनी गाडी थांबवून काच खाली घेतली.

“गौतमी, ह्या मांजराला कांजिण्या झाल्यात का गं?”

सगळे हसले. गौतमीही हसली. पोरं त्या जागेला ‘मनीमाऊचा बोर्ड’ म्हणू लागली आणि पंधरा दिवसांत तिकडं कुणी वर मान करून बघेनासं झालं.

पोळ्याच्या आठवड्यात गिताबाई गेली.

शेजारच्या वस्तीवरची गिताबाई साठीची. सकाळी नऊच्या सुमारास म्हशीला गवत कापायला ती चारीवर आली होती. लख्ख ऊन पडलं होतं, दुधाची गाडी नुकतीच रस्त्यानं गेली होती. तिचा विळा आणि अर्धवट बांधलेला भारा बोर्डाच्या खांबाला लागूनच सापडला. ती स्वतः पोपटरावांच्या उसात, चौदा सऱ्या आत.

गौतमी बघायला गेली नाही. पण खांबाला लागून भारा होता, हे तिनं ऐकलं आणि ते तिच्या डोक्यातून जाईना. म्हणजे म्हातारी बोर्डाच्या सावलीत बसली होती. वर बिबट्या काढलेला, आणि ती त्याच्याखाली निवांत बसली. चित्र खरं वाटलं असतं तर बसली असती का? हे तिनं कुणाला विचारलं नाही. सासू सोजरबाईंनी मात्र ओळखलं. “तुझ्या चित्रानं कुणी मरत न्हाई, गौतमे,” त्या म्हणाल्या. “जेव.”

दुसऱ्या दिवसापासून गौतमी रोज सकाळी सात ते नऊ घराच्या स्लॅबवर बसू लागली. जुन्या कॅलेंडरांची पाठकोरी पानं, तीन ब्रश, पोस्टर कलरच्या बाटल्या. आधी तिनं मोबाइलवरचेच बिबटे काढले. सगळ्यांचे ठिपके नीट यायचे, आणि सगळे भुसा भरल्यासारखे दिसायचे.

वनरक्षक धनश्री त्या भागात नवीन होती, पंचविशीची. गावात लावलेल्या पिंजऱ्यात एक बिबट्या सापडला, तेव्हा तिनं सकाळी सकाळी फोन केला. “वहिनी, गाडी यायला तास आहे. लांबून बघायचं असेल तर या. पण गर्दी करायची नाही.”

गौतमी तासभर पिंजऱ्यापासून पंधरा पावलांवर बसून राहिली. तासाभरात तिनं अकरा कागद खराब केले. तिला वाटलं होतं, जनावर डरकाळ्या फोडील. ते गप्प होतं. फेऱ्या मारताना त्याची पाठ हलत नव्हती, फक्त खांद्याची हाडं पाठीच्या वर येत आणि बुडत होती. ते तिच्या डोळ्यांकडं बघतच नव्हतं. मान वाकवून ती कागदावर झुकली की तेवढ्यापुरतं ते थांबायचं. मान वर केली की पुन्हा चालायला लागायचं. तिसऱ्या खेपेला हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं पेन्सिल खाली ठेवली.

“खाली वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही,” धनश्री म्हणाली. मग हळू आवाजात, “कुणाला सांगू नका, पण हा तो नाही. हा नर आहे. गिताबाईंपाशी जे ठसे होते ते लहान, लांबट. ती मादी आहे. अजून तिथंच असणार.”

“मग सांगा की गावाला.”

“सांगितलंय सरपंचांना. ते म्हणतात, धरलाय ना एक, आता लोकांना घाबरवू नका.”

त्या दिवसापासून गौतमीनं बिबट्या काढणं सोडलं. ती ऊस काढू लागली.

स्लॅबवरून पोपटरावांचा सहा एकरांचा ऊस समोर दिसायचा. ऊस काढणं किती अवघड असतं हे तिला तेव्हा कळलं. हिरव्यावर हिरवं, पात्यावर पातं. पहिले आठ दिवस तिचा ऊस भिंतीवर ओढलेल्या रेघांसारखा दिसला. मग एका सकाळी वैतागून तिनं हिरवी बाटली बाजूला ठेवली आणि नुसतं काळं घेतलं. दोन उसांच्या मधला, खाली पाचटापाशी साचलेला अंधार तेवढा काढला. पानं काढलीच नाहीत. कागद लांब धरून बघितला तर ऊस उभा होता. अंगावर काटा आला, आणि आनंदही झाला. असा आनंद व्हावा याची तिला लाजही वाटली.

पुढं ती वारा काढायला शिकली. नदीकडून वारा आला की शेंडे एकाच बाजूला लवतात, लाट बांधापर्यंत येते आणि मोडते. घोरपड, रानमांजर शिरलं तर एखादं पान हलतं, शेंडा हलत नाही. महिना सव्वा महिना झाला. महेंद्र म्हणायचा, “रोज तोच ऊस, कंटाळत न्हाईस?” तिला मात्र तो एकाही दिवशी तोच दिसला नव्हता.

दसरा होऊन गेला होता. साडेआठ वाजले असतील. सोजरबाई तिला न सांगताच विळा घेऊन बांधावर गवताला गेल्या होत्या. गौतमीचं लक्ष कागदावर होतं. वारा नदीकडून होता, शेंडे घराच्या बाजूला लवत होते. ब्रश आपोआप फिरत होता आणि एका ठिकाणी तो उलटा फिरला. तिला वाटलं, चुकलं. पुसायच्या आधी समोर बघितलं तर चूक उसातही होती. सगळा ऊस वाऱ्यानं लवत होता आणि एक पट्टा, हातभर रुंदीचा, थरथरत बांधाच्या दिशेनं सरकत होता. हलायचा, थांबायचा. पट्ट्याच्या टोकाला बांध, आणि बांधावर सोजरबाईंची वाकलेली पाठ.

“आत्याऽ! उभ्या ऱ्हावा!”

सोजरबाईंना ऐकायला कमी येतं. पाठ तशीच राहिली. पट्टा थांबला होता. आता अजिबात हलत नव्हता, आणि थांबणं म्हणजे काय हे गौतमीनं पिंजऱ्यापाशी बघितलं होतं. तिनं पाण्याचं पातेलं उचललं, रंगीत पाणी फेकलं आणि स्लॅबच्या कठड्यावर पातेलं बडवायला सुरुवात केली. बडवत राहिली, किंचाळत राहिली.

सोजरबाई कंबरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाल्या. “काय गं बोंबलतीस? काय झालं?”

“उभ्याच ऱ्हावा! वाकू नका! तोंड उसाकडं करा आन् मागं मागं या!”

सुनेचा आवाज असा त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्या विळा तिथंच टाकून, उसाकडं तोंड करून, एक एक पाऊल मागं टाकत रस्त्यावर आल्या. उसात काहीच दिसलं नाही. थोड्या वेळानं तो पट्टा आला तसा आत निघून गेला.

दुपारी धनश्री आली. ठसे सोजरबाईंच्या विळ्यापासून आठ पावलांवर होते. पंजे खोल रुतलेले, पुढच्या पायावर भार घेतलेला. सोजरबाईंनी ते बघितले. त्या दिवशी त्यांनी गौतमीच्या ताटात स्वतः भाकरी वाढली आणि समोर बसून राहिल्या.

गौतमीनं चारीवरचा बोर्ड उतरवून आणला, मनीमाऊ खरवडून काढली आणि पाच दिवस खपून नवं चित्र करून बोर्ड पुन्हा चारीवर लावला. उन्हातला बांध. पाठमोरी, वाकून गवत कापणारी बाई. मागं ऊस, उसात काळोख. बस.

पोपटराव बघायला आले. “बिबट्या कुठाय ह्याच्यात?”

पोपटराव चित्राकडं बघत राहिले. बघता बघता त्यांनी एक पाऊल मागं घेतलं, मग एकदम तिच्याकडं वळले. “हे काढून टाक. माझी तोडणी तोंडावर आलीय. टोळीनं हे बघितलं तर एक कोयता वावरात उतरणार न्हाई.”

“न्हाई काढणार, आप्पा.”

“काय म्हणलीस?”

“पहिल्या बोर्डाला तुम्ही हसलात. मी बी हसले. गिताबाई त्याच्याखाली बसली.” ती बोर्डापुढून हलली नाही. “बोर्ड वनखात्याचा हाय. तुम्ही त्यांच्याशी बोला.”

पोपटरावांनी फोन लावले, पण धनश्रीनं तिच्या साहेबांना ठशांचे फोटो पाठवले होते. बोर्ड राहिला. बायका त्या वाटेनं जाताना पदर तोंडाला लावून जायच्या. गवताला जायचं तर तिघी मिळून जाऊ लागल्या, दोघी कापायच्या, एक उभी.

मार्गशीर्षात टोळी आली. तोडणी कडेनं सुरू झाली आणि ऊस रोज आकसत गेला. गौतमी रोज काढत होती. सहा एकर, चार, दोन. जनावर उरलेल्या उसात मागं मागं सरतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळं शेवटच्या अर्ध्या एकराला टोळी हात लावेना. मग धनश्रीची माणसं जाळी घेऊन आली, वाडी लांब रस्त्यावर उभी राहिली, डबे वाजले, फटाके फुटले. कोयते चालले. शेवटची सरी पडली.

आत काही नव्हतं. चघळलेली हाडं, दबलेलं पाचट, एवढंच.

“गेली पलीकडं, दौंडच्या बाजूला,” पोपटराव मोठ्यानं म्हणाले. लोकांना ते ऐकायचंच होतं. माणसं पांगली.

धनश्री मात्र मोकळ्या रानात खाली मान घालून फिरत राहिली. जरा वेळानं ती गौतमीच्या दारात आली. ठसे नदीकडं गेले नव्हते. चारी ओलांडून वाडीच्या मागच्या अंगाला आले होते, आणि त्यांच्या आगेमागे दोन पिल्लांचे लहान ठसे होते.

घराच्या मागं सोजरबाईंनी म्हशीसाठी लावलेलं हत्तीगवत होतं, पुरुषभर उंच, न्हाणीपासून दहा पावलांवर. दुसऱ्या दिवशी सात वाजता गौतमी स्लॅबवर गेली. मोकळ्या रानाकडं तिनं पाठ केली, कॅलेंडरचं पान मांडीवर ठेवलं आणि काळ्या रंगाची बाटली उघडली. वारा पडलेला होता. गवताचा एकही शेंडा हलत नव्हता. खाली सोजरबाईंनी न्हाणीचं दार उघडलं, तशी ती वरून मोठ्यानं म्हणाली, “आत्या, जरा थांबा. मी सांगते मग या.”