मैत्रिणींचे रिमोट

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. शिंदखेड्याकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. तिथे वर्गासाठी रिमोट आले. तार नाही, काही नाही. प्रश्न पडद्यावर, उत्तर बटणावर. कोणी काय दाबलं ते फक्त माझ्या लॅपटॉपवर दिसायचं.

शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. बारावीच्या सुरुवातीलाच ती उत्तर देताना ‘आहे’ऐवजी घरच्यासारखं ‘शे’ म्हणाली आणि पोरं हसली. त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही. रिमोट आल्यावर कळलं, हिचं बहुतेक सगळं बरोबर असतं.

मग कापसाची वेचणी आली. हजेरी रिमोटवरच लागायची, म्हणून तिच्या मैत्रिणी आपापले रिमोट तिच्या हाती देऊन शेतात गेल्या. एकीची पाळी दुसरीने भरून काढायची, ही वेचणीची रीतच आहे. बाक रिकामा मला दिसत होता. तो दरवर्षीच होतो.

प्राचार्यांनी उत्तरांचा तक्ता काढला, तर गैरहजर मुली एकजात हुशार निघाल्या. त्यांनी तिला वर्गासमोर उभं केलं. मागून कोणीतरी म्हणालं, आली दहा हातांची देवी. प्राचार्य म्हणाले, अगं, निदान थोडं चुकवायचं तरी, कोणाला कळलं नसतं.

ती बोलली. कितीतरी महिन्यांनी.

“दुसराना नाववर चुकीनं कसं दाबू, सर?”

वर्ग पुन्हा हसला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. प्राचार्यांना माफीनामा हवा होता. वडिलांनी तो बाजूला सारला आणि मला विचारलं, “पोरनी चोरी करी का?”

नाही म्हणालो.

“मंग बठ्ठासना समोर कसाले उभी करी?”

सगळ्यांसमोर का उभी केली, ते टाळून मी म्हणालो, भाऊ, तिचं कॉलेज सोडवू नका, बारावी तरी होऊ द्या, पोरगी वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे. ते शांतपणे म्हणाले, तुमच्यासारखा शिकलेला माणूस तिथे होता, तरी हे झालं. आणि तिला घेऊन गेले.

रिमोट कपाटात गेले. आता मी प्रश्न तोंडी विचारतो. पुढच्या बाकावरची तीच दोन-तीन पोरं उत्तर देतात.

तिच्या घरी जाऊन आलो. तिच्या आईने, अक्कांनी, चहा दिला, लग्न ठरल्याचं सांगितलं. मुलगा सुरतेला कामाला आहे म्हणे. ती आतच होती. बाहेर आली नाही, आणि मीही हाक मारली नाही. मारून काय सांगणार होतो?